दुखानच्या डोंगरधारेवर एक मंगळवार

मुलीचे पासपोर्ट साइझ फोटो हवे होते. शाळेचा कसला तरी फॉर्म होता आणि तिनं तो नेहमीप्रमाणे आदल्या संध्याकाळी दप्तरातून काढला होता. फोटो नवऱ्याच्या कपाटात असायचे, वरच्या खणात. व्हिसाचे, इन्शुरन्सचे, गाडीचे कागद तो वेगवेगळ्या फोल्डरांत लावून ठेवायचा. मी एकेक फोल्डर चाळत होते. गाडीच्या फोल्डरात, जुन्या इन्शुरन्सच्या मागे, माझं पत्र सापडलं.

पत्र म्हणजे एनओसी, ना-हरकत पत्र. दोहात त्या काळी नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला नोकरी करायची असेल तर नवऱ्यानं 'माझी हरकत नाही' असं लिहून सही द्यावी लागे, आणि त्यावर त्याच्या कंपनीचा शिक्काही लागे. पत्र मीच टाइप करून आणलं होतं. खाली सहीसाठी रेघ ओढली होती. त्या रेघेवर काहीच नव्हतं.

सहा आठवडे मी त्या सही-शिक्क्याची वाट बघत होते. रोज विचारत नव्हते, कटकट वाटू नये म्हणून. आठवड्यातून एकदा, जेवताना. "एचआरकडे दिलंय." "मुदीर सुट्टीवर गेलाय, तो आला की." "इन्शाल्ला या आठवड्यात होईल." साहेबाला आमच्याकडे सगळे मुदीरच म्हणायचे. मला त्या मुदीरचा राग यायचा. हा कुठेतरी मजेत सुट्टीवर गेलाय आणि माझं पत्र त्याच्या टेबलावर पडलंय, असं चित्र मी मनात रंगवलं होतं.

नोकरी काही फार मोठी नव्हती. इंडस्ट्रियल एरियात माती आणि खडक तपासणारी एक लॅब होती. शहरात उंच इमारती उठायला लागल्या होत्या. पाया घालण्याआधी जमिनीला खोल भोक पाडून खडकाचे लांब गोल तुकडे काढतात, ते पेट्यांत ओळीनं मांडतात, आणि कुणीतरी बसून लिहायचं असतं की इतक्या मीटरवर हा खडक, इथे भेग, इथे पोकळी. मी नाशिकची. पुण्यात जिऑलॉजीत एमएस्सी केलं, वर्गात आम्ही दोनच मुली होतो, आणि दोन हिवाळे पाठीला हातोडा बांधून सह्याद्रीत बेसॉल्टचे थर मोजत हिंडले होते. मग लग्न झालं. मग कतार. मग मुलगी. मुलगी आता नऊ वर्षांची होती आणि मी शेवटचा दगड नीट बघितल्याला दहा वर्षं होऊन गेली होती.

मुलाखतीला लॅबच्या मॅनेजरनं, एक वयस्कर मल्याळी गृहस्थ होते, माझ्यापुढे दगडाचा एक तुकडा ठेवला. "ये क्या है, मॅडम?" मी थोडं पाणी मागितलं. तुकडा ओला केला, पर्समधून माझं जुनं भिंग काढलं, डोळ्याला लावलं. आत गोल गोल चकत्या दिसल्या. समुद्रातल्या जिवांचे सांगाडे, नाण्यांसारखे. मी नाव सांगितलं, वय सांगितलं, आणि या दगडात पाणी मुरून पोकळ्या होतात म्हणून पाया घालताना जपावं लागेल, हेही सांगितलं. ते हसले. "एनओसी ले आइये. बाकी सब ठीक है." घरी येताना माझ्या बोटांना पांढरी पूड लागलेली होती. स्टिअरिंगला ती लागली तरी मी पुसली नाही.

त्या सोमवारी, पत्र हातात घेऊन, मी लॅबला फोन लावला. संध्याकाळचे पाच वाजत होते, मॅनेजर अजून होते.

"मॅडम, लेकिन आपके हजबंड ने तो हमको बोल दिया था," ते म्हणाले. "बच्ची छोटी है, आप इंटरेस्टेड नहीं हैं."

"कब बोला?"

"एक महीना हो गया. वो पोस्ट तो खलास, मॅडम. एक लड़का आ गया है." मग त्यांनी विचारलं, "आपको मालूम नहीं था?"

"मालूम था," मी म्हटलं. "मैं भूल गयी." आणि फोन ठेवला.

नवरा साडेसातला ओव्हरटाइम करून आला. गॅसच्या प्लान्टवर इंजिनिअर होता, कंपनीच्या बसनं जायचा यायचा. मी भरीत केलं होतं. तो जेवला, म्हणाला, "आज मस्त झालंय." मुलीला फोटो मिळाले का विचारलं. मी मिळाले म्हटलं. मी काही बोलले नाही याचं आज लोकांना नवल वाटेल. मलाही तेव्हा वाटलं.  तो मारकुटा नव्हता, दारू पीत नव्हता, माझ्या आईवडिलांना दर वर्षी वाढदिवसाला आठवणीनं फोन करायचा. दोहात आल्यावर मी गाडी शिकावी असा हट्टही त्याचाच. चार वेळा नापास झाले तरी म्हणाला, पुन्हा दे. अशा माणसानं आठवड्यातून एकदा माझ्या तोंडाकडे बघून मुदीर सुट्टीवर आहे असं सांगितलं होतं. ते माझ्या डोक्यात कुठेच बसत नव्हतं.

सकाळी पावणेपाचला त्याची बस. सव्वासहाला मुलीची. दोहाच्या बिन महमूद भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या खाली तिला बसमध्ये चढवून मी वर आले, पोळ्यांचा तवा गॅसवर तसाच होता, तो उतरवला, पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या, चपलांऐवजी बूट घातले, आणि गाडी काढून पश्चिमेला निघाले. ठरवून असं काही नाही. एवढंच कळत होतं की या घरात दुपारपर्यंत बसले तर काहीतरी होईल. मुलगी पावणेदोनला यायची. तोवर परत येता येईल, असा हिशेब मात्र मनाशी केला होता. मोबाइल घरात एकच होता, तो नवऱ्याकडे. मी चिठ्ठी ठेवली नाही.

दुखान हे पश्चिम किनाऱ्यावरचं तेलाचं गाव. मराठी माणसं जमली की त्या नावावर ठरलेला विनोद व्हायचा, की नावातच दुखणं आहे. गावाच्या अलीकडून एक लांब, बुटकी डोंगरधार समुद्राला समांतर जाते. डोंगर म्हटलं तर आमच्या नाशिकच्या सातपूरमधल्या पोरांनी हसावं इतकी उंची. पण सपाट देशात तीच काय ती चढण. पूर्वी एकदा सहलीला जाताना गाडीच्या काचेतून ती मी बघितली होती. थर अगदी स्पष्ट दिसत होते. "थांबूया का पाच मिनिटं?" मी विचारलं होतं. मागच्या गाडीत दुसरी कुटुंबं होती, त्यामुळे थांबलो नव्हतो.

झिक्रीतच्या फाट्यावरून आत कच्च्या रस्त्यानं गेले. एका कुंपणापाशी चौकीदार होता, नेपाळी, तोंडाला फडकं बांधलेलं. त्यानं गाडीत वाकून मागच्या सीटवर कोणी आहे का बघितलं.

"अकेला, मॅडम?"

"हां. ऊपर जाना है. पत्थर देखने."

"पत्थर?" त्यानं धारेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुंपनी का फेन्स है, उसके अंदर मत जाना. बाकी सब खुला है. लेकिन उधर कुछ नहीं है, मॅडम."

मी गाडी एका काटेरी झाडाखाली लावली आणि चढायला लागले. आठ वाजले होते. फेब्रुवारीचं ऊन, अंगाला बोचणारं नव्हतं. वाट अशी नव्हतीच. खाली मऊ हिरवट मातकट थर, पाय ठेवला की घसरणारा, त्यावर कडक चुनखडीची टोपी, कडा तुटून मोठमोठे चिरे खाली गडगडलेले. मी हाताचा आधार घेत चढले. धाप लागली. सव्वीसाव्या वर्षी मी हरिश्चंद्रगड चढून वर गाणी म्हणत होते. आता वर पोचल्यावर दोन्ही हात मांड्यांवर टेकून कितीतरी वेळ उभी राहिले.

वर माथा सपाट, सुरीनं कापल्यासारखा. पश्चिमेला समुद्र, फिकट, हालचाल नसलेला. पूर्वेला करड्या मैदानात पाइपलाइनी आणि लांब एक ज्योत, तेलाच्या विहिरीवरची, दिवसाही जळत असलेली. मी दक्षिणेकडे चालायला लागले. कड्याच्या अगदी काठानं, कारण काठावरच थर उघडे असतात. जागोजाग धार तुटलेली होती, मध्ये घळी; खाली उतरायचं, खडे घसरवत, आणि पुन्हा पलीकडे चढायचं. वारा पाठीवर येत होता.

पहिल्या तासात मी आनंदात होते, हे कबूल करायला हवं. एका चिऱ्यावर मला शंखांचा अख्खा थर सापडला. मी त्यावर थुंकी लावली, भिंग लावलं, गुडघे टेकून बसले. चकत्या होत्या, शिंपले होते, समुद्री अर्चिनचा एक तुकडा होता, पाच पाकळ्यांची खूण असलेला. मी मोठ्यानं त्यांची नावं घेतली. लॅटिन नावं, दहा वर्षांत तोंडात न आलेली. अर्ध्याहून जास्त आठवली. आणि मग एका तुकड्यापाशी अडकले. रोजच्या पाहण्यातला होता, प्रॅक्टिकलला दर वेळी यायचा. नाव येईना. मी बसून राहिले. पहिलं अक्षर कुठलं, वहीत डाव्या पानावर होतं की उजव्या, सरांनी फळ्यावर कसं काढलं होतं, सगळं आठवलं. नाव नाही.

तिथे रडू फुटलं. पत्र सापडल्यापासून रडले नव्हते. आता एका दगडाचं नाव आठवेना म्हणून, कोणी ऐकणार नाही अशा ठिकाणी, मी ओरडून रडले. तो मुलगा, लॅबमध्ये आलेला, त्याला हे नाव येत असणार. आणि उद्या कोणी नवी जागा दिली, नवऱ्यानं सही केली, तरी मी काय सांगणार होते? नवऱ्यानं पत्र दाबून ठेवलं ते सहा आठवडे. त्याआधीची दहा वर्षं कोणी दाबून ठेवली? मी स्वतःच. मुलगी लहान आहे, व्हिसा नाही, पुढच्या वर्षी बघू. कोणी दार लावलं नव्हतं, मीच ते ढकलून बघितलं नव्हतं. हा विचार एकदा आला आणि मग गेला नाही.

मी उठून चालत राहिले, पण आता दगड बघत नव्हते. किती चालले माहीत नाही. दहाच्या सुमाराला वारा वाढला. उत्तरेचा वारा, तिथे त्याला शमाल म्हणतात. आधी समुद्र दिसेनासा झाला, मग ती ज्योत, मग पुढची टेकडी. हवा पिवळी झाली. डोळ्यांत, दातांत धूळ. काठावर चालणं धोक्याचं होतं हे मला कळत होतं, तेवढं शिक्षण अजून शिल्लक होतं, म्हणून एका घळीतून पश्चिमेच्या बाजूला खाली उतरायला लागले. अर्ध्यावर त्या हिरवट थरावर पाय सरकला. मी पाठीवर आपटले आणि दहा-बारा फूट खड्यांबरोबर घसरत गेले. उजवा तळहात फाटला. डावा घोटा आत वळला, आणि तो आवाज मला आधी कानांनी ऐकू आला, दुखणं मागून आलं.

घसरले तिथेच वरच्या कड्याखाली पडवीसारखी जागा होती. खालचा मऊ थर वाऱ्यानं खाऊन टाकलेला, वर चुनखडीचं छत. मी ढुंगणावर सरकत तिथे गेले आणि पाठ टेकून बसले. बूट काढला, घोटा सुजायला लागला होता. ओढणीनं हात बांधला. एक बाटली संपत आली होती. दुसरी मी गाडीतच विसरले होते.

त्या जागी मी चार तास होते.

इथून पुढचं मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. घोटा मोडलेला नव्हता. तासाभरात मला ते कळलं होतं. उभी राहून बघितलं, लंगडत चालता येत होतं. वाराही बाराच्या सुमाराला पडला. घड्याळ हातात होतं. सव्वाबाराला निघाले असते तर मुलगी यायच्या वेळेला फार तर तासभर उशीर झाला असता. मी पुन्हा खाली बसले. एक वाजला. मी म्हटलं, आता तिचा शेवटचा तास चालू असेल. पावणेदोन वाजले. मला दिसलं, ती बसमधून उतरली, जिना चढली, बेल वाजवली. पुन्हा वाजवली. दप्तर खाली ठेवलं. मला सगळं दिसत होतं आणि मी उठले नाही. कोणी बांधून ठेवलं नव्हतं. उठून कुठे जायचं, हा प्रश्न होता. गाडीपर्यंत जाता आलं असतं. गाडीतून घरी. घरी जाऊन कणीक भिजवायची आणि साडेसातला विचारायचं, भाजी आणखी वाढू का. त्यापेक्षा इथेच, या दगडाच्या पोटात, हळूहळू अंधार होईपर्यंत बसावं, आणि मग पुढचं पुढे. कोणी शोधत येणार नव्हतं, कारण मी कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यात एक प्रकारची विश्रांती होती. आई असलेल्या बाईनं असं लिहू नये. पण तसं होतं.

मला उठवलं ते मुलीच्या काळजीनं नाही. तहानेनं. जीभ टाळूला चिकटली होती, ओठ फुटले होते, आणि गाडीत पाण्याची भरलेली बाटली आहे हे मला पक्कं माहीत होतं. बाकी कुठलीही इच्छा नसताना पाण्याची इच्छा मात्र शरीराला होतेच. अडीचच्या सुमाराला मी हातागुडघ्यांवर रांगत बाहेर आले.

धारेवर परत चढणं शक्य नव्हतं. मी खालून, समुद्राच्या बाजूच्या सपाटीवरून उत्तरेला चालायला लागले. वरून कोरडी दिसणारी ती जमीन मिठाची पापडी होती. वीस पावलं गेले की पाय पापडी फोडून खाली चिखलात. घोटा प्रत्येक वेळी ठणकायचा. मग एका ठिकाणी मला उंटांचे ठसे दिसले आणि मी ते धरून गेले, जिथे उंट चालला तिथे जमीन धरते एवढ्या हिशेबानं. अर्ध्या तासानं उंट दिसले, आणि पांढऱ्या पिकअपपाशी एक माणूस, डोक्याला लाल चौकटीचं फडकं, चाळीस-पंचेचाळिशीचा. त्यानं मला लांबून येताना बघितलं होतं, तरी तो जागचा हलला नाही. जवळ गेल्यावर म्हणाला, "पाकिस्तानी?"

"इंडिया."

"मैं भी. राजस्थान." मग माझ्या हाताकडे आणि पायाकडे बघून त्यानं पिकअपमधला थर्मास काढला. मी इतकं पाणी प्याले की थोडं उलटून पडलं. तो बघत राहिला. "गाड़ी फँस गयी?"

"नहीं. मैं घूमने आयी थी. ऊपर से."

"घूमने." त्यानं थर्मासचं झाकण लावलं. "मैं चार साल से घूम रहा हूँ, बहनजी. इन्हीं के पीछे." उंटांकडे हनुवटीनं दाखवलं. "पासपोर्ट कफील के पास है. दो साल का बोला था." कफील म्हणजे मालक. तो तक्रार करत नव्हता. कोणी विचारलं तर गाव सांगावं तसं सांगत होता.

त्यानं मला पिकअपमध्ये बसवून माझ्या गाडीपाशी सोडलं. वाटेत विचारलं, घरात कोण कोण आहे. मी सांगितलं. "बच्ची स्कूल से आ गयी होगी," तो म्हणाला. मी बाहेर बघत राहिले. मला लाज वाटत होती. या माणसापुढे माझं दुःख काय, असं मनात आलं, आणि लगेच त्या विचाराचाच राग आला. आयुष्यभर मला हेच सांगितलं गेलं होतं, तुझं काय वाईट आहे. मी नीट आभारही मानले नाहीत. अरबीत शुक्रन म्हटलं, हिंदी बोलणाऱ्या माणसाला, घाईघाईत.

डावा पाय क्लचवर दाबत घरी पोचायला सव्वापाच वाजले. आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडचं एक कुटुंब होतं. त्या घरातल्या बाईंना मी भाभी म्हणायचे. माझी पावलं ऐकून त्या दारात आल्या.

"अगो, कुठं होतीस गो तू? पोर दारात बसलीवती, पायरीवर. दोन तास. मी बाजारातून आले तवा बघितलं. रडून रडून तोंड सुजलंय पोरीचं." मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. "या अल्ला. काय झालं हे?"

"पडले, भाभी."

"वर तुझा नवरा आलाय. दोन हॉस्पिटलांत फोन केलेन त्यानं." आणि आवाज खाली आणून, "भांडण झालं काय गो?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मला वर जाऊ दिलं.

मुलगी सोफ्यावर युनिफॉर्ममध्येच होती. माझ्याकडे आली नाही. "व्हेअर वेअर यू?" एवढंच म्हणाली. आणि मी उत्तर द्यायच्या आत, "आय थॉट यू डाइड." घरात आम्ही तिच्याशी मराठी बोलायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची, त्याची सवय झाली होती. त्या दिवशी ते शब्द परक्या घरातून आल्यासारखे लागले. मी तिला जवळ घ्यायला गेले तर माझ्या कपड्यांची धूळ तिच्या हाताला लागली, आणि ती आत निघून गेली.

नवरा फोनपाशी उभा होता. चेहरा उतरलेला. "कुठे होतीस?"

"दुखानला. डोंगरावर."

"कोणाबरोबर?"

"एकटी."

तो खुर्चीवर बसला. मी म्हटलं, "मला ते पत्र सापडलं. मी लॅबला फोन केला होता काल."

त्यानं नाकारलं असतं तर बरं झालं असतं.  तो म्हणाला, "मला तुला नाही म्हणायचं नव्हतं गं. नाही म्हटलं असतं तर तू किती नाराज झाली असतीस. म्हटलं, आपोआप विषय मागे पडेल."

"सहा आठवडे तुम्ही मला मुदीर सांगत होतात."

"चुकलं माझं." खरंच डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. "पण तूच विचार कर. इंडस्ट्रियल एरिया, सगळी पुरुषांची वस्ती. सकाळी सात ते संध्याकाळी सहा. हिला दुपारी कोण बघणार? पोर दारात बसेल." मग हळू आवाजात, मला दुखवायला नव्हे, खरंच नवल वाटून म्हणाला, "आजचंच बघ ना."

 रागानं म्हणाला असता तर मी भांडले असते, पत्र त्याच्या तोंडावर फेकलं असतं. पण त्याचं म्हणणं खरं करून दाखवायला मीच तर दिवसभर त्या दगडाखाली बसले होते, घड्याळाकडे बघत. ते त्याला माहीत नव्हतं. मला होतं. मी आत गेले, हात धुतला, त्यानं मागून येऊन मलम लावलं आणि पट्टी बांधली. चांगली बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची किल्ली जागेवर नव्हती. तो कामावर घेऊन गेला होता. संध्याकाळी म्हणाला, पाय बरा होईपर्यंत. पाय तीन आठवड्यांत बरा झाला. मी किल्ली मागितली नाही, त्यानं दिली नाही, आणि पुढे कधीतरी ती पुन्हा खुंटीवर दिसायला लागली तेव्हा मला कुठे जायचं नव्हतं. मुलगी त्यानंतर कितीतरी महिने बसमधून उतरल्यावर वर आमच्या खिडकीकडे बघायची. मी खिडकीत उभी असायचे. एकही दिवस चुकवला नाही.

आम्ही तिथे आणखी सहा वर्षं होतो. दुसरी नोकरी मी शोधली नाही. त्या दगडाचं नावही शोधलं नाही. शोधलं असतं तर एका संध्याकाळी सापडलं असतं.

दुखानच्या धारेवर मी नंतर एकदाच गेले, त्याच्या ऑफिसातल्या चार-पाच मराठी कुटुंबांबरोबर, सहलीला. खाली वाळूत चटया टाकल्या होत्या, पोरं क्रिकेट खेळत होती, मी मसालेभाताचं पातेलं उघडत होते. नुकतंच पुण्याहून आलेलं एक जोडपं होतं. त्यातली मुलगी कड्याकडे बघत म्हणाली, "किती सुंदर थर आहेत, नाही? कसला दगड असेल हा?"

"हिला विचारा," माझा नवरा म्हणाला. आवाजात कौतुक होतं, अगदी मनापासून. "आमच्याकडे घरचीच जिऑलॉजिस्ट आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"चुनखडी आहे," मी म्हटलं, आणि ताटं पुढे करायला सांगितली, भात निवत होता.